प्याला की कलश?

सातारा-सांगली भागात सेवा करताना आम्हांला एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो : मिस्साबलिदानातील द्राक्षारसाच्या पात्राला ‘प्याला’ का म्हणावे? हा शब्द गुत्त्याची आठवण देतो. ‘कलश’ म्हटले तर काय बिघडेल?

वेदीवर लॅटिन होती तोवर हा प्रश्न उद्भवलाच नाही. 4 डिसेंबर 1963 रोजी व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली आणि शब्दांची निवड आपल्यावर आली. लॅटिन नाव ‘कालिक्स’. पोर्तुगीज ‘कालिस’ त्यातूनच निघाला. काही भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘कलश’शीही त्याचे नाते जोडतात. आमच्या चर्चमधील केरळीय कुटुंबे ‘कासा’ म्हणतात. तो शब्द सिरियाक भाषेतला, आपल्या काशाच्या भांड्यांशी त्याचा संबंध नाही.

कृष्णाकाठी कलश म्हणजे नारळाने तोंड झाकलेला पूजेचा तांब्या, किंवा देवळाचे शिखर. आपले पात्र तर ओठी लावण्याचे. ‘प्याला’ फारसीतून आला, हे खरे. परंतु मराठी बायबलात शेवटच्या भोजनावेळी प्रभूने हाती घेतला तो प्याला, आणि त्याच रात्री गेथशेमाने बागेत जो टळावा म्हणून त्याने पित्याला विनविले तोही प्यालाच. तेथे ‘कलश’ घालून वाचून पाहावे.