'नेटवर्क'मधला संताप कुणाच्या मालकीचा?

'नेटवर्क' या १९७६ च्या अमेरिकन चित्रपटातला एक तुकडा समाजमाध्यमांवर सतत फिरत असतो. हॉवर्ड बील नावाचा वृत्तनिवेदक पावसात भिजून स्टुडिओत येतो आणि लोकांना सांगतो की, उठा, खिडक्या उघडा आणि आपण संतापलो आहोत हे ओरडून सांगा. चळवळीतले अनेकजण ही बंडाची हाक समजून तो पुढे पाठवतात. पण चित्रपट पूर्ण पाहिला तर अर्थ नेमका उलटा निघतो.

आधी एक दंतकथा बाजूला सारू. १५ जुलै १९७४ रोजी फ्लोरिडातील क्रिस्टीन चबक या निवेदिकेने थेट प्रक्षेपणात स्वतःवर गोळी झाडली. तिच्यावरूनच बील सुचला, असे सर्रास लिहिले जाते. डेव्ह इट्झकॉफ यांनी या चित्रपटावरील पुस्तकात दाखवले आहे की, लेखक पॅडी चायेफ्स्की यांचे काम त्याआधीच सुरू झाले होते.

दुसरी दंतकथा भविष्यवाणीची. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट तर म्हणत की हे व्यंग नाही, वार्तांकन आहे. चायेफ्स्की स्वतः १९५० च्या दशकातल्या टीव्हीत घडलेला लेखक. आतला बाजार त्याने पाहिला होता. आणि बाबासाहेबांनी पुण्यात १९४३ सालीच, रानडे जयंतीच्या भाषणात, पत्रकारिता हा आता धंदा झाला आहे, साबण बनवण्याइतकेच त्यात नीतिमूल्य उरले आहे, असे बजावले होते. त्यासाठी टीव्ही यावा लागला नाही.

आता मुख्य मुद्दा. बील त्या भाषणात मोर्चा काढा म्हणत नाही. लोकप्रतिनिधीला पत्र लिहा असेही म्हणत नाही. उलट ते नको, आधी फक्त संतापा, असे सांगतो. तेव्हा कार्यक्रमप्रमुख डायना कोणकोणत्या शहरांत लोक ओरडताहेत याची चौकशी करते आणि हरखून जाते. प्रेक्षकसंख्या वाढते, जाहिरातीचे दर वाढतात. संतापाला मागणी जोडलेली नाही तोवर मालकाला तो हवाच असतो!

मग बील चूक करतो, म्हणजे मालकाच्या दृष्टीने. वाहिनीची मालक कंपनी सौदी पैशाला विकली जाणार, तो सौदा थांबवा, व्हाइट हाउसला तारा पाठवा, असे तो सांगतो. (अरबांविषयीचा यातला द्वेष मला खटकतो, तेही नोंदवतो.) तारांचा पाऊस पडतो. लगेच मालक जेन्सन त्याला बोलावतो आणि राष्ट्र नाही, लोकशाही नाही, फक्त पैसा आहे, हे ऐकवतो. बील तेच प्रवचन पडद्यावर देऊ लागतो, प्रेक्षक घटतात आणि वाहिनीचे अधिकारी त्याला गोळ्या घालून मारवतात. कारण एकच, घसरलेली प्रेक्षकसंख्या.

चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले, पीटर फिंच यांना मरणोत्तर. त्यावर खूप लिहिले गेले. लॉरीन हॉब्ज या पात्रावर मात्र आपल्यात कोणी बोलत नाही. ती काळी कम्युनिस्ट नेता. वाहिनी तिला आणि एका सशस्त्र गटाला साप्ताहिक कार्यक्रम देते. गोऱ्या लेखकाने तिला हास्यास्पद केले आहे, हा आक्षेप रास्त आहे. तरीही तो प्रसंग पाहाच. करार समोर आहे, क्रांतीचे नाव निघत नाही, भांडण वितरणाच्या नफ्यातल्या वाट्यावर चालले आहे. शेवटी सशस्त्र गटाचा म्होरक्या पिस्तूल झाडतो, सगळे गप्प होतात, आणि तो म्हणतो की तिला हवे ते खर्चाचे कलम देऊन टाका.