स्थौल्यावरील शल्यक्रियेचे दप्तर

शल्यशास्त्राचा इतिहास सांगताना कुशल हातांचे आणि धाडसी प्रयोगांचे गुणगान करण्याची रीत आहे. परंतु स्थौल्यावरील शल्यक्रियेचा, म्हणजे आज जिला बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात तिचा, पूर्वेतिहास ज्याला खरोखर जाणून घ्यायचा आहे, त्याने शल्यगृहापेक्षा दप्तरखान्यात अधिक वेळ काढावा असे माझे मत आहे. कारण या शाखेचे जे ज्ञान टिकले, ते रुग्ण घरी गेल्यानंतर दहा-वीस वर्षांनी त्याचे काय झाले, याची नोंद ज्यांनी निष्ठेने ठेवली त्यांच्यामुळेच टिकले.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात क्रेमेन, लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून १९५४ साली असे दाखवले की, लहान आतड्याचा वरचा बराचसा भाग गमावूनही प्राण्याचे वजन टिकते. खालचा भाग गेला की मात्र स्निग्ध पदार्थांचे शोषण बिघडते आणि वजन घसरते. याच धाग्याने पुढे १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसचे पेन आणि डीविंड हे शल्यवैद्य वरच्या आतड्याचे सुमारे १४ इंच शेवटच्या ४ इंचांना जोडून मधले सारे आतडे अन्नाच्या मार्गातून वगळू लागले. वजन उतरले, यात शंका नाही. पण अखंड अतिसार, मूतखडे, सांधेदुखी आणि काहींच्या बाबतीत यकृताचा घातक ऱ्हास अशी त्याची किंमत रुग्णांनी मोजली, आणि कित्येकांची ती जोडणी पुन्हा उलगडावी लागली. १९८०च्या सुमारास ही पद्धत सोडून देण्यात आली.

या साऱ्या कालखंडात ज्या पुरुषाविषयी मला सर्वाधिक आदर वाटतो, ते आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन. अल्सरसाठी जठराचा काही भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन पुन्हा सहसा वाढत नाही, हे जाणून त्यांनी १९६६ साली चिकाशी इटो यांच्यासमवेत जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडला. हाच गॅस्ट्रिक बायपास. पित्त उलटून जठरात येण्याचा त्यातील दोष ग्रिफेन यांनी १९७७ साली स्विस शल्यवैद्य रू यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडणीचा अवलंब करून दूर केला. मेसन यांनी पुढे १९८० साली टाके आणि पट्टी यांनी जठर आवळण्याची सोपी रीत काढली. तीही कालांतराने मागे पडली, कारण गोड पातळ पदार्थ त्या अरुंद वाटेतून सहज उतरत आणि अनेकांचे वजन परत येई. परंतु स्वतःच्या कृतीचा दीर्घ मुदतीचा हिशेब इतरांच्या हिशेबासह एकत्र मांडता यावा, म्हणून त्यांनी १९८६ साली आयोवात अशा शल्यक्रियांची सामाईक नोंदवही सुरू केली, हे त्यांचे कार्य मला कोणत्याही जोडणीपेक्षा थोर वाटते.

आज जगात सर्वाधिक होणारी स्लीव्ह शल्यक्रिया तर स्वतंत्र उपाय म्हणून जन्मलीच नव्हती. अतिशय स्थूल रुग्णांना मोठी शल्यक्रिया एकदम झेपत नसे, म्हणून २०००च्या सुमारास तिचा केवळ पहिला टप्पा उरकून घेत. त्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढला जाई, आणि पुष्कळांना तेवढेच पुरे पडते असे आढळले.

नोंदी ठेवण्याचे फळ १९९५ साली दिसले. नॉर्थ कॅरोलिनातील वॉल्टर पोरीस यांनी बायपास झालेल्या ६०८ रुग्णांचा १४ वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातील मधुमेहींपैकी सुमारे ८३ टक्क्यांची रक्तशर्करा प्राकृत पातळीवर आली होती. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासाने २००७ साली शल्यक्रिया झालेल्यांचा मृत्युदर इतरांहून सुमारे चतुर्थांशाने कमी असल्याचे दाखवले.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक ४०, किंवा सोबत मधुमेहासारखी व्याधी असल्यास ३५, ही शल्यक्रियेसाठीची मर्यादा अमेरिकेत १९९१ साली ठरली. भारतीयांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून येथील तज्ज्ञांनी २००९ साली ती ३७.५ आणि ३२.५ वर आणली. पुढे २०२२ साली आंतरराष्ट्रीय संस्थांनी ती आणखी शिथिल केली.

शल्यक्रियेनंतरचा जो आहारविहार आज सांगितला जातो, त्याचे मोल या पूर्वेतिहासावरूनच कळते. प्रथम सुमारे दोन आठवडे पातळ पदार्थ, मग घोटलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, तेही थोडे, सावकाश आणि प्रथिनयुक्त. बायपासनंतर गोड खाल्ल्यास घाम, धडधड आणि ग्लानी येऊ शकते. उलट्या थांबत नसतील तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे, कारण थायमिनच्या अभावाने मेंदूला इजा होते. ब-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची जोड जन्मभर द्यावी लागते, आणि ब-१२ची उणीव शाकाहारी घरांत मुळातच अधिक असल्याने आपल्याकडे तर ती अनिवार्यच आहे.

म्हणून ज्यांची ही शल्यक्रिया झाली आहे वा व्हायची आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, वजन मनाजोगे उतरले तरी दरवर्षी रक्त तपासून घ्या, आपले कागद जपून ठेवा आणि आपल्या शल्यवैद्याच्या दप्तरातून आपले नाव गळू देऊ नका.