जुन्या बुटांची कुंडली

दिवाळी जवळ आली की घरोघर माळे उतरवले जातात आणि त्यांतून दरवर्षी काही ना काही असे निघते की, ते टाकावयाचे की ठेवावयाचे यावरून घरात दोन पक्ष पडतात. आमच्या घरी यंदा हा वाद बुटांच्या एका जोडावरून झाला. त्यातही मौज अशी की, तो आमच्या माळ्यावरचा नव्हताच. तो मी भंगारवाल्याकडून तीनशे रुपये मोजून घरात आणला होता. "लोक जुने बाहेर काढतात आणि तुम्ही लोकांचे जुने आत आणता," हा गृहमंत्र्यांचा शेरा मी मुकाट्याने ऐकून घेतला. कारण त्यात खोटे काहीच नव्हते.

आमचे ऊर्जानगर ही काही पुरातन वस्ती नव्हे. चंद्रपूरहून ताडोब्याकडे जाताना दुर्गापूरलगत औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले ते १९८० नंतरच्या दशकात, आणि त्या केंद्राबरोबरच ही वसाहतही आली. परंतु माणसे मात्र कोऱ्या पाटीसारखी आली नाहीत. कोराडीहून, परळीहून, भुसावळहून बदलून येताना त्यांनी वडिलांच्या ट्रंकाही आणल्या. आता त्यांतील कितीतरी जण निवृत्त होऊन क्वार्टर सोडतात. जाताना जे नेववत नाही ते भंगारात जाते. त्यामुळे वसाहतीपेक्षा वयाने मोठ्या वस्तू वसाहतीच्या भंगारात सापडतात.

हा जोड तसाच एका पोत्यातून निघाला. तपकिरी कातड्याचा, नाडीचा, टोकावर आडवी शिवण असलेला. विकणारा म्हणाला, "इंग्रज सायबाचा आहे जी. पाहा, कातडं कसं आहे!" या एका वाक्यावर मी घासाघीस सोडून दिली. घरी आल्यावर मात्र वाटू लागले की, साहेब खरोखर कोण होता ते पाहावे.

जुन्या वस्तूचा काळ ठरवण्याचा एक साधा नियम आहे. तिच्या मूळच्या भागांपैकी सर्वांत नवा भाग ज्या काळातला, त्याआधीची ती वस्तू असू शकत नाही. गोम आहे ती 'मूळच्या' या शब्दात. बुटाला जन्मभर ठिगळे लागतात, टाचा बदलतात, नाड्या तर वर्षाला दोन होतात. म्हणून जन्मापासूनचे काय आणि मागाहून जडलेले काय, हे आधी वेगळे करावे लागते.

प्रथम मी शिवणीकडे वळलो, आणि तेथे फसलो. तळाच्या कडेने बाहेर दिसणारी टाक्यांची रांग पाहून मला वाटले, हे हाताचे काम म्हणजे फार जुने असणार. वस्तुतः अमेरिकेत ब्लेक याने तळ शिवण्याच्या यंत्राचे पेटंट १८५८ सालीच घेतले होते. रबर टिकाऊ करणाऱ्या गुडइयरच्या मुलाने १८७० नंतरच्या दशकात कडेची पट्टी लावून तळ शिवण्याचे यंत्र प्रचारात आणले, आणि उंची बूट आजही त्या रीतीने शिवले जातात. उलट हाताने शिवणारा कारागीर आजही आहेच. तेव्हा शिवणीवरून बुटाची प्रतिष्ठा कळते, वय कळत नाही. आकाराचेही तसेच. टोकदार बुटांची लाट १९६० च्या आसपास आली, उंच जाड टाचांची १९७० नंतर आली. परंतु आमच्यासारखा साधा, गोल टोकाचा कचेरीचा बूट प्रत्येक दशकात शिवला गेला आहे.

मग मी अक्षरांकडे वळलो. टाचेखालच्या अस्तरावर सोनेरी ठसा होता; तो बराच पुसला होता, पण भिंगाखाली गावाचे नाव लागले. कानपूर.

आता कानपूर आणि बूट यांचे नाते जुने आहे. १८५७ नंतर तेथे लष्करासाठी खोगीर आणि चामड्याच्या सामानाचा सरकारी कारखाना निघाला. पुढे कूपर ॲलन या कंपनीने लष्कराला बूट पुरवून मोठा व्याप उभा केला. १९२० साली ती ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशनमध्ये सामील झाली, आणि १९६९ साली तिचे काम पाहण्यासाठी सरकारी महामंडळ स्थापन झाले. त्यामुळे 'कानपूर' एवढ्यावरून साहेबही बसतो आणि आपला माणूसही बसतो. पण ठशातील पहिले इंग्रजी अक्षर 'के' होते. साहेबाच्या राज्यात हे नाव 'सी' अक्षराने, भलत्याच वळणाने लिहीत. ते अधिकृतपणे बदलले १९४८ साली. म्हणजे हा जोड जन्माला आला तेव्हा साहेब बोटीने आपल्या गावी पोचला होता! तीनशे रुपयांची कथा एका अक्षराने संपली.

एकदा अक्षरांचा नाद लागला की सर्वत्र अक्षरेच दिसू लागतात. ठशात 'बाटा शू कंपनी' असेल तर बूट १९७३ पूर्वीचा. कारण त्या वर्षी कंपनीचे नाव 'बाटा इंडिया' झाले. खासगी कंपनीच्या नावात 'प्रायव्हेट' शब्द दिसला, तर तो १९५६ च्या कंपनी कायद्यानंतरचा धरण्यास हरकत नाही. खोक्यावरच्या पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. कारण पिनची पद्धत त्या दिवशी सुरू झाली. आपल्या देशाने गेल्या पाऊणशे वर्षांत इतकी नावे आणि मापे बदलली की, बुटाच्या खोक्यावरसुद्धा इतिहासाचे पुस्तक छापले गेले आहे.

आमच्या जोडाला खोके नव्हते. तळ पाहावयाचे राहिले होते. ते पाहण्यासाठी मी वसाहतीबाहेर बसणाऱ्या एका वृद्ध चर्मकार काकांकडे गेलो. त्यांनी बूट उलटा केला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अर्धा सोल दोनदा बदलला जी. टाच तीनदा. पण हा मधला भाग हातचा लागलेला नाही. हे जन्माचं कातडं."

पाऊल जमिनीला टेकते ते पुढे आणि मागे. मधली कमान झिजत नाही. म्हणून पुढचा अर्धा सोल बदलला तरी मधला भाग तसाच राहतो. काकांनी ओल्या फडक्याने तो पुसला आणि दाबलेले आकडे वर आले. किंमत होती. रुपयांचा आकडा, आणि त्यापुढे दोन अक्षरे: न. पै.

वाचकहो, नवे पैसे वापरलेली पिढी आता आजोबा-आजींची झाली आहे. १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १ जून १९६४ पासून 'नवे' हा शब्द गळून नुसता 'पैसा' उरला. मधली सात वर्षे आणि दोन महिने एवढाच या दोन अक्षरांचा संसार! दुकानात वर्षभर पडून राहिला असेल असे धरले, तरी कारखान्यातून जोड निघाला तो याच काळात.

बुटाच्या जिभेमागे दुकानदाराच्या चिठ्ठीचा तुकडाही चिकटलेला होता. त्यावर 'चांदा' एवढेच वाचता येत होते. जिल्ह्याचे नाव १९६४ साली चंद्रपूर झाले. मात्र नुसत्या या चिठ्ठीवर मी पैज लावली नसती. सरकारी नाव बदलले म्हणून तोंडातले नाव लगेच बदलत नाही. रेल्वेच्या एका स्थानकाचे नाव तर आजही चांदा फोर्टच आहे. पण दोन स्वतंत्र साक्षीदार एकच काळ सांगू लागले, की शंका धरण्यात अर्थ उरत नाही.

काकांनी उसवलेल्या एका टाक्यातून दोऱ्याचे टोक कापून काडीने पेटवले. ते जळून राख होण्याऐवजी वितळून त्याचा बारीक मणी झाला. "नायलॉन. हा डागडुजीचा," ते म्हणाले. कडेचा मूळ दोरा मात्र कागदासारखा जळाला. मग त्यांनी टाचेची झीज दाखवली. "उजवीकडं जास्त घासली आहे. अन् सांभाळून घातला आहे जी. सोल झिजले, पण कातड्याला एक भेग नाही. रोजचा बूट नव्हता हा."

मी तेथेच थोडा वेळ बसून राहिलो. १९५७ ते १९६४ च्या दरम्यान, या चांद्याच्या एका दुकानात, कोणीतरी हा जोड विकत घेतला. तो शाळामास्तर असेल, कोळसा खाणीतला बाबू असेल, बल्लारपूरच्या कागद गिरणीतला फोरमन असेल. ज्यांच्या बापजाद्यांना वरच्या आळीतून पायात जोडे घालून चालण्याची मुभा नव्हती, त्यांच्यापैकीही असेल. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकर याच चांद्यात आले आणि हजारोंनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतरच्या वर्षांत अशा कितीतरी घरांत पहिला बूट आला असेल. या जोडाचा धनी कोण, हे बूट सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही. एवढे मात्र खरे की, त्याने तो जपला, दोनदा सोल बदलून घेतला, टाकला नाही.

आणि आपण काय केले? कातडे चांगले दिसताच तो इंग्रज साहेबाच्या नावावर चढवला. विकणाऱ्याचा दोष मी धरीत नाही. त्या वाक्यावर खिशात हात घालणारा मीच होतो. उत्तम वस्तू दिसली की ती साहेबाची, ही सवय आपल्या मनात साहेब गेल्यानंतरही खोल राहिली आहे. दोन अक्षरांनी हा जोड त्याच्या खऱ्या धन्याच्या गावी परत आणला, याचे मला तीनशे रुपयांहून अधिक मोल वाटते.

काकांना मी पैसे विचारले. त्यांनी फक्त उसवलेला टाका घालण्याचे घेतले. वाचून दाखवण्याचे घेतले नाहीत. कारखान्याचा ठसा अस्तरावर सोनेरी असतो. तीन टाचा आणि दोन सोल लावून बूट साठ वर्षे जगवणाऱ्या हातांचा ठसा कोठेच नसतो. असलाच तर तो टाक्यांत असतो, आणि तो वाचावयास दुसरा तसाच हात लागतो.

तेव्हा यंदा माळा उतरवाल त्या वेळी आजोबांचे बूट सरळ पोत्यात घालू नका. आधी उलटे करा, मधली कमान ओल्या फडक्याने पुसा. आणे दिसले, नवे पैसे दिसले, की घरातल्या वडीलधाऱ्यांना हाक मारा. बुटाला जे सांगता येत नाही, ते कदाचित त्यांना आठवेल.

आमचा जोड आता दिवाणखान्यात कपाटावर आहे. गृहमंत्र्यांनी परवा त्याला पॉलिश केले. वाद मिटला असे मी समजतो.