मिताहार आणि उपासमार

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पची मुंबईकरांना ओळख दोन गोष्टींमुळें: एक तेथील लष्करी छावणी व दुसरी तेथील कोरडी हवा. सुमारें १,८०० फूट उंचीच्या त्या पठारावर पारशी व इतर समाजांतील दानशूरांनीं आरोग्यभुवनें उभारलीं आणि दुखण्यांतून उठलेलीं माणसें तेथें हवापालटासाठीं येऊन राहूं लागलीं. हवा मानवली हें ठरवावयाचें कसें? तर भूक वाढली आणि कांट्यावर वजन चढलें म्हणजे मानवली. क्षयावर गुणकारी औषध निघण्यापूर्वीं मोकळी हवा, विश्रांति आणि दूध-अंड्यांचा भरपूर आहार एवढाच काय तो डॉक्टरांचा आधार होता. तेव्हां भरल्या गालांत आरोग्य पाहणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्या मंडळींना हंसण्याचें कारण नाहीं.

त्याच काळांत, १९३५ सालीं, अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांतून एक विपरीत वार्ता आली. क्लाइव्ह मॅकके व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदरांच्या अन्नांतील प्रथिनें, क्षार व जीवनसत्त्वें पुरेशीं ठेवून उष्मांक मात्र कमी केले. उंदीर खुरटे राहिले. परंतु त्यांतील नर पोटभर खाणाऱ्या नरांहून पुष्कळच अधिक जगले.

असें कां व्हावें? जर्मन शास्त्रज्ञ रुबनर यांनीं १९०८ मध्यें मांडलेल्या विचाराला दिव्याचा दृष्टान्त सहज लागूं पडतो: ज्योत मंद ठेवली, तर तेल अधिक वेळ पुरतें. १९५६ मध्यें डेनहॅम हार्मन यांनीं तेलाऐवजीं धुराकडे बोट दाखविलें. आपल्या पेशींतील मायटोकाँड्रिया, म्हणजे तंतुकणिका, या जणूं चिमुकल्या चुली आहेत. त्यांत अन्न आणि प्राणवायु यांच्या योगानें शक्ति तयार होते. परंतु प्राणवायूचा थोडा अंश अर्धवट अवस्थेंत निसटतो आणि भोंवतालचे पदार्थ गंजवितो. १९७२ मध्यें हार्मन यांनीं या चुलींवरच मुख्य ठपका ठेवला. सरपण कमी घातलें कीं धूर कमी आणि धूर कमी कीं म्हातारपण लांबणीवर, इतकें तें सोपें दिसलें.

परंतु शरीर इतकें भोळें नाहीं. धूर मारणाऱ्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या देऊन पाहिल्या. मोठ्या चांचण्यांत त्यांनीं माणसांचें आयुष्य वाढल्याचें आढळलें नाहीं. उलट २००९ मध्यें जर्मनींतील एका प्रयोगांत 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनीं व्यायामाचा एक लाभच हिरावून घेतला. थोडा धूर हा शरीराला जागें करणारा निरोपहि असावा. अन्न तुटपुंजें झालें कीं पेशी आपले निकामी भाग, झिजलेल्या तंतुकणिकासुद्धां, मोडून त्यांचें द्रव्य पुन्हां वापरते. जुनीं लुगडीं उसवून गोधडी शिवावी, तसेंच हें. ही क्रिया यीस्टच्या उपाशी पेशींत उलगडून दाखविणारे योशिनोरी ओसुमी यांस २०१६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. माणसांवरील दोन वर्षांच्या एका अमेरिकन प्रयोगांत पंचवीस टक्के कपात ठरवून प्रत्यक्षांत जेमतेम बारा टक्के साधली! एकादशीला साबुदाण्याची खिचडी दोनदां वाढून घेणाऱ्या आम्हां लोकांना याचें नवल वाटूं नये. त्यांच्यांत या गंजाच्या खुणा कमी आढळल्या. आयुष्याचा निवाडा दोन वर्षांत होत नसतो.

मात्र या कौतुकांत दख्खनचा एक जुना हिशेब विसरतां कामा नये. १८७६-७८ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं १८७७ च्या आरंभीं दुष्काळी कामांवरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे इतकी खालीं आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें विरोध केला; मद्रासचे आरोग्याधिकारी कॉर्निश यांनीं दीड पौंड धान्य, शिवाय डाळ-भाजी मागितली. मॅकके यांच्या उंदरांना उष्मांकांवांचून कशाचीच वाण नव्हती. खडी फोडणाऱ्या त्या मजुराला सगळ्याचीच होती. आणि देवळालीच्या जुन्या वैऱ्याचें, क्षयाचें, म्हणाल तर झारखंडमध्यें क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना जादा धान्य व पोषक अन्न पुरविलें गेलें. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्या घरांत नव्यानें क्षय जडण्याचें प्रमाण सुमारें चाळीस टक्क्यांनीं घटलें.