देवळालीची छावणी आणि कराचीचे पुढारी

नाशिकनजीकच्या देवळालीची लष्करी छावणी फार जुनी. विलायतेस परतणारे गोरे शिपाई येथे बोटीची वाट पाहत इतके कंटाळून जात, की भ्रमिष्ट माणसास ‘डूलॅली’ म्हणण्याचा प्रघात इंग्रजीत पडला. फाळणीनंतर याच छावणीत निराळी माणसे आली. त्यांना परत कोठेच जावयाचे नव्हते. ते सिंधमधील हिंदू निर्वासित होत.

सिंधच्या मुसलमान पुढाऱ्यांनी त्यांस हाकलून लावले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. 1947 साली सिंधचे मुख्यमंत्री झालेले महंमद अयूब खुह्रो हे काही निष्पाप गृहस्थ नव्हते. 1936 साली सिंध मुंबई इलाख्यातून वेगळा झाला, त्या चळवळीतले ते अग्रणी. आणि 1939 च्या सक्कर येथील मंझिलगाह मशिदीच्या प्रकरणात, ज्यातून हिंदूंच्या कत्तली उद्भवल्या, त्यांचा हात होताच. परंतु सत्ता हाती आल्यावर मनुष्यास हिशेब कळू लागतो. प्रांताच्या लोकसंख्येत हिंदू सुमारे एक चतुर्थांश. व्यापार, सावकारी, शाळा, कचेऱ्या मोठ्या प्रमाणात त्यांच्याच हाती. ते एकाएकी निघून गेले तर कारभार ठप्प होईल, हे खुह्रोंस दिसत होते. पंजाबात रक्ताचे पाट वाहत असता सिंध बराच शांत राहिला, हे विसरता येत नाही.

मग बिघडले कोठे? कराची ही नव्या राष्ट्राची राजधानी झाली आणि दिल्ली, अजमेर व अन्य ठिकाणांहून उद्ध्वस्त होऊन आलेले मुसलमान निर्वासित तेथे लोटले. त्यांस घरे हवी होती, आणि घरे हिंदूंची होती. केंद्राचे निर्वासित-मंत्री राजा गझनफर अली खान यांचे म्हणणे, सिंधने आपला वाटा उचलावा. खुह्रोंचे म्हणणे, प्रांतास इतका भार पेलणार नाही. दोघेही मुस्लिम लीगचेच! धर्म एक असला म्हणजे निर्वासितांविषयीचे धोरणही एक असते, असे मानणाऱ्यांनी हा वाद अवश्य अभ्यासावा.

6 जानेवारी 1948 रोजी कराचीच्या गुरुद्वारात आश्रयास आणलेल्या शिखांवर जमावाने हल्ला केला. पाठोपाठ हिंदूंची घरे लुटली गेली. खुह्रो स्वतः घटनास्थळी धावले. जिनांनीही दंगलग्रस्त भागास भेट देऊन नव्याने आलेल्या निर्वासितांस समज दिली. पण शब्दांनी विश्वास परत येत नसतो. त्यानंतर मुंबईच्या बोटी भरभरून निघू लागल्या. एप्रिल 1948 मध्ये खुह्रोंस बडतर्फ करण्यात आले. आरोप गैरकारभाराचे व लाचलुचपतीचे होते. तथापि निर्वासितांचा प्रश्न आणि कराची सिंधपासून तोडण्यास त्यांचा असलेला विरोध ही कारणे आम्हांस अधिक वजनदार वाटतात. जुलैमध्ये कराची सिंधपासून वेगळी झालीच.

आता अलीकडे वळू. मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ होते. शहरात जागा नाही, धान्य नाही, सबब निर्वासितांची नोंदणी करून त्यांस बाहेरच्या छावण्यांत पाठवावे, असे सरकारने ठरविले आणि 1948 साली तसा कायदाही केला. कल्याण, देवळाली, कोल्हापूरजवळचे वळिवडे अशा युद्धकाळातील रिकाम्या वसाहती त्या कामी आल्या. खुह्रोंचा आणि खेर मंत्रिमंडळाचा युक्तिवाद शेजारी ठेवून पाहिला, तर धर्माचा संबंध फारसा आढळत नाही. आपल्या प्रांताची पोळी किती जणांत वाटावयाची, हीच चिंता दोहींकडे. फरक एवढाच, की येथल्या निर्वासितांस डॉ. चोइथराम गिडवानींसारखा सरकारशी भांडणारा स्वतःचा पुढारी लाभला. सिंध काँग्रेसचे हे वृद्ध कार्यकर्ते पुढे पहिल्या लोकसभेत ठाण्याहून गेले.

खुह्रो मात्र पुन्हा मुख्यमंत्री झाले. डिसेंबर 1954 मध्ये, पश्चिम पाकिस्तानचे प्रांत एकत्र करण्याच्या योजनेस त्यांनी सिंध विधानसभेची संमती मिळवून दिली. मुंबईपासून ज्याची सुटका करविली, तो प्रांत त्यांच्याच हातून बुडाला. 1955 पासून 1970 पर्यंत, देवळालीचे सिंधी ज्या प्रांताच्या नावाने स्वतःस ओळखीत होते, तो नकाशावर नव्हता.