जोडावरचा शिक्का

खानदेशात १८१८ साली कंपनीचा अंमल बसला, त्याच्या कितीतरी आधीपासून गावोगावची जमाबंदी कुलकर्ण्याच्या दप्तरात नांदत होती. आणि नंदुरबारजवळच्या धानोऱ्यासारख्या गावी शेत कोणाच्या वहिवाटीचे, या तंट्याचा निवाडा अखेर कोणता कागद खरा मानावा, यावरच येऊन ठेपे.

मराठेशाहीच्या दफ्तराने या विश्वासाची तजवीज मोठ्या कसोशीने केली होती. अस्सलावरून मोडीत उतरवलेली नक्कल मुळाशी ताडून पाहिली जाई, आणि या रुजुवातीवाचून तिला मोल नसे. मजकूर संपताच मोर्तब होई, जेणेकरून त्याखाली कोणास एक ओळही घुसडता येऊ नये. कागदाचे बंद चिकटवून दस्तऐवज लांबवला असेल, तर पाठीमागे प्रत्येक जोडावरही शिक्का उमटे, कारण लबाडी शिरते ती सांध्यातून, हे त्या जाणत्या कारकुनांनी पुरते ओळखले होते.

१९५१ साली कुलकर्णी वतने खालसा झाली आणि दप्तर तलाठ्याकडे गेले. नंदुरबारच्या आदिवासी मुलखात कागदाची शुचिता हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. सावकारी कर्जापायी आदिवासींच्या कित्येक जमिनी दुसऱ्यांच्या नावे चढल्या, आणि त्या परत देवविण्यासाठी १९७४ साली स्वतंत्र कायदा करावा लागला.

२०१८ पासून सातबारा डिजिटल स्वाक्षरीनिशी मिळू लागला. दप्तर आता डेटाबेसमध्ये असते, आणि एक सर्व्हर बंद पडला तरी काम अडू नये, म्हणून अशा डेटाबेसची प्रत दुसरीकडे अखंड राखण्याची रीत आहे. मुळातील प्रत्येक फेरफार प्रतीपर्यंत नेणारा रेप्लिकेशन सर्व्हर हाच या व्यवस्थेचा सांधा होय. तो दोन्हीकडे पासवर्ड देऊन प्रवेश करतो. आणि तो पासवर्ड त्याच्या फाइलीत उघड्या अक्षरांत पडून असेल, तर ती फाइल वाचणाऱ्यास दोन्ही दफ्तरांची दारे मोकळी होतात.

माणसाचा पासवर्ड पडताळण्यास त्याचा उलट न फिरणारा ठसा पुरतो. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी १९७९ साली युनिक्सच्या संदर्भात या पद्धतीचे विवेचन केले. रेप्लिकेशन सर्व्हरला मात्र तो पासवर्ड स्वतःच दुसऱ्यापुढे मांडावयाचा असल्याने, पुन्हा उलगडता येईल असेच कूट येथे योजावे लागते. म्हणून कूटलेखनाची सोय चालू करणे ही कर्तव्याची केवळ पहिली पायरी; उलगडण्याची किल्ली निराळ्या जागी मोजक्यांच्या हाती ठेवणे आणि जुन्या बॅकअपमध्ये उघडे राहिलेले पासवर्ड तत्काळ बदलणे, हे उरलेले कर्तव्य.

चावडीवरचे दप्तर शेतकऱ्याला निदान डोळ्यांनी पाहता येई. सर्व्हर त्याच्या दृष्टीआड आहे. जेथे रयतेची नजर पोहोचत नाही, तेथे कारभाऱ्याची जबाबदारी दुणावते, आणि सांधा जपणे हा तिचा पहिला हप्ता होय.