जॅक्सन खून खटला

नाशिकचे जिल्हाधिकारी आर्थर जॅक्सन यांच्या २१ डिसेंबर १९०९ रोजी झालेल्या हत्येबद्दल चाललेला फौजदारी खटला.

पार्श्वभूमी : गणेश दामोदर सावरकर यांना राजद्रोहाच्या आरोपावरून १९०९ मध्ये जन्मठेप-काळ्यापाण्याची शिक्षा झाल्यावर अभिनव भारत (पहा : अभिनव भारत) या गुप्त संघटनेशी संबंधित तरुणांनी हा कट रचला. मारेकरी अनंत लक्ष्मण कान्हेरे शिक्षणासाठी निजामाच्या राज्यातील औरंगाबाद येथे राहत असत. बदलीनिमित्त जॅक्सन यांच्या सन्मानार्थ विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग असताना कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या.

खटला : मुंबई उच्च न्यायालयाने कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना मृत्युदंड दिला व १९ एप्रिल १९१० रोजी ठाणे तुरुंगात तिघांना फाशी देण्यात आली. त्यानंतरचा नाशिक कट खटला ३८ आरोपींवर, ज्यूरीविना तीन न्यायाधीशांच्या विशेष न्यायाधिकरणापुढे चालून २७ जण दोषी ठरले. विनायक दामोदर सावरकर यांना डिसेंबर १९१० मध्ये राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल आणि जानेवारी १९११ मध्ये, लंडनहून पाठवलेल्या ब्राउनिंग पिस्तुलांच्या आधारे, हत्येस साहाय्य केल्याबद्दल अशा दोन जन्मठेपा झाल्या.

महत्त्व : विनायक सावरकरांच्या मार्सेलिस येथील सुटकेच्या प्रयत्नामुळे या प्रकरणातील प्रत्यार्पणाचा, म्हणजे आरोपीला दुसऱ्या राज्याच्या ताब्यात देण्याचा, प्रश्न हेगच्या लवादापुढे गेला (पहा : प्रत्यार्पण).